सव्हाना, न्यूयॉर्क आणि आमची गल्ली



व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला चिटणीस घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "विषय काय घेणार?" मी म्हटलं, "राहायला गाव कसं निवडावं." ते जरा हिरमुसले. म्हणाले, "डॉक्टर, होमिओपॅथीवर बोललात तर सभागृह भरेल." मी त्यांना सांगितलं की होमिओपॅथीवर मी रोज सकाळी साडेनऊपासून बोलतोच आणि ऐकणाऱ्याला त्याचे पैसे पडतात. आज फुकटात जमेल असं काहीतरी घेऊ.

विषय निघाला तो आमच्या घरातून. धाकटी मुलगी इंजिनिअर आहे, अमेरिकेत असते. माल कुठून कुठे, कोणत्या बोटीनं, किती दिवसांत जायचा याची गणितं मांडणं हे तिचं काम. जावई संगणकापुढे बसून कुठूनही काम करू शकतात. करोना ओसरल्यावर तिच्या कंपनीनं तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या. एक न्यूयॉर्कची, कचेरीतली. दुसरी दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावची, बंदरावरची. पगार जवळजवळ सारखाच. उत्तर द्यायला तीन महिने. तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. चार वर्षांच्या नातवाला सांभाळायला माणूस हवं होतं हे खरं कारण, पण फोनवर म्हणाली, "अप्पा, तुम्ही जुन्या गावात आयुष्य काढलंय. दोन्हीकडे राहून बघा आणि सांगा." बापाला एवढं पुरतं.

मी विमानात बसायच्या आधीच माझं उत्तर ठरवून टाकलं होतं. सव्हाना. लहान गाव, जुनं गाव, ओळखीपाळखीचं गाव.

आणि त्याला कारण होतं. तुमच्यापैकी बरेच जण मला पस्तीसेक वर्षं ओळखतात. पदवी घेतल्यावर मी मुंबईत गिरगावातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली दीड वर्ष काढलं. तिथेच राहावं असं ते म्हणत होते. मी बेळगावला परत आलो. का आलो, हे मी आजवर अनेक सत्कारांत सांगितलंय: मातीची ओढ, गल्लीतली माणसं, शहापूरच्या मागाचा आवाज, वडिलांची सेवा. सगळं खरं आहे. पण आज वय झालं, तेव्हा राहिलेलं कारणही सांगून टाकतो. दोन खणांच्या जागेची पागडी ऐकली आणि मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. पुढे चाळीस वर्षांत त्या तिकिटाचं तत्त्वज्ञान झालं. माणसाचं असंच होतं. गाव निवडतो एका कारणानं आणि त्याची बाजू मांडतो दुसऱ्याच कारणांनी.

तर सव्हाना. लोकवस्ती २०२० च्या मोजणीत दीड लाखाच्या आत. म्हणजे आपल्या बेळगावच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिकडे हे ऐतिहासिक शहर म्हणून नावाजलेलं आहे. जेम्स ओगलथोर्प नावाच्या इंग्रजानं १७३३ मध्ये ते वसवलं. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, त्या मानानं सव्हाना म्हणजे कालचं पोर. पण त्या पोराची आखणी मात्र बघण्यासारखी आहे. मी रोज सकाळी नातवाचं बोट धरून हिंडायचो म्हणून मला ती पायांनी समजली.

गावाचा एकेक वॉर्ड म्हणजे मधे एक मोकळा चौक. चौकाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला राहत्या घरांच्या जागा, दहा-दहा घरांच्या चार ओळी. पूर्वेला आणि पश्चिमेला चार मोठ्या जागा, त्या चर्च, बाजार, कचेरी असल्या सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या. गाव वाढलं की असाच आणखी एक वॉर्ड शेजारी जोडायचा. असे चोवीस चौक झाले, त्यातले बावीस आज आहेत. रस्ता सरळ येतो आणि चौकाला वळसा घालून पुढे जातो, त्यामुळे गाडीवाल्याला वेग धरताच येत नाही. म्हातारा आणि नातू दोघांच्याही चालीला ते गाव बेतलेलं आहे. चौकात ओकची प्रचंड झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. त्याला ते स्पॅनिश मॉस म्हणतात. ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाचं काही न खाता हवेतल्या ओलाव्यावर जगते. वनस्पती दिसली की कुळ आठवायची आम्हा मंडळींना सवयच असते.

हे गाव आपोआप टिकलेलं नाही. १८६४ च्या डिसेंबरात जनरल शर्मन जॉर्जिया जाळत इथवर आला, पण सव्हाना शरण आलं. त्यानं ते जाळलं नाही आणि लिंकनला तारेनं नाताळची भेट म्हणून कळवलं. लढाईतून वाचलेलं गाव पुढे मोटारीच्या तावडीत सापडलं. १९५४ मध्ये एका चौकातला जुना बाजार पाडून तिथे गाड्या ठेवायची बहुमजली इमारत उभी केली. पाठोपाठ १८२० सालचं एक सुंदर विटांचं घर पाडायचं ठरलं, कशासाठी, तर शेजारी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांना गाड्यांसाठी जागा हवी होती म्हणून. तेव्हा गावातल्या सात बायका एकत्र आल्या. १९५५ मध्ये त्यांनी संस्था काढली, साडेबावीस हजार डॉलर गोळा केले आणि ते घर विकत घेतलं. डेव्हनपोर्ट हाउस. आज ते संग्रहालय आहे.

पुढे या संस्थेनं एक फिरता निधी केला. पडायला आलेलं घर घ्यायचं, आणि जो ते दुरुस्त करून राहील त्यालाच अटी घालून विकायचं. आलेल्या पैशातून पुढचं घर. याला फार मोठं भांडवल लागत नाही, चिकाटी लागते. आपल्याकडे रस्तारुंदीकरणात माझ्या डोळ्यांदेखत किती वाड्यांची दर्शनी अंगं गेली! आपण निवेदनं दिली, फोटो काढले, हळहळलो. निधी केला नाही. असो. बाजारावर उभी केलेली ती गाड्यांची इमारत अखेर सव्हानाकरांनी पाडली आणि २०१० मध्ये तो चौक पुन्हा खुला केला. गेलेलं परत आणायला छप्पन्न वर्षं लागली.

इथवर मी खूश होतो. रोज रात्री मुलीला सांगत होतो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती नुसती "हूं" म्हणायची.

मग मी नदीकाठी गेलो. तिथल्या रस्त्याचे दगड जहाजांच्या तळाशी भार म्हणून आणलेले. वर ओळीनं कापसाच्या दलालांच्या कचेऱ्या. आणि त्यांच्यासमोरून, रस्त्यावर सावली पडेल एवढ्या उंच, कंटेनरनं लादलेल्या बोटी जातात. हे बंदर आजही अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. गाव लहान, पण त्याच्या अंगणातून जगाचा माल जातो. मुलीनं मला एक संध्याकाळ कापसाचा हिशेब समजावून सांगितला आणि माझं "लहान गाव विरुद्ध मोठं शहर" हे प्रकरण तिथेच डळमळलं.

ते असं. १७९३ मध्ये सव्हानाजवळच्याच एका मळ्यावर एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं. त्यानंतर दक्षिणेत कापूस इतका परवडायला लागला की गुलामांची मागणी भडकली. गंमत म्हणावी की शोकांतिका, हे गाव वसवताना गुलामगिरीला बंदी होती! १७५१ मध्ये ती उठवली. मार्च १८५९ मध्ये गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव झाला. एका मालकाचं कर्ज फेडायला चारशेहून अधिक माणसं विकली गेली. बायका, मुलं, म्हातारे. ते दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. त्या लिलावाला तिथे 'रडण्याची वेळ' असंच नाव पडलंय. त्याची खूण सांगणारी पाटी लागली २००८ मध्ये.

आणि या सगळ्या कापसाला उचल कोण देत होतं? विमा कोण उतरवत होतं? जहाजं कोणाची? पुष्कळशी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांची. इतकी, की जानेवारी १८६१ मध्ये दक्षिणेतली राज्यं फुटून निघायला लागली तेव्हा न्यूयॉर्कच्या महापौरानं, फर्नांडो वूडनं, आपणही देशातून फुटून स्वतंत्र शहर व्हावं अशी सूचना मांडली. मोठं शहर आणि लहान गाव हे एकाच पेढीच्या दोन खातेवह्या होत्या.

तिसरी खातेवही आपल्याकडे होती. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजांनी सव्हानाच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला घेतला आणि बंदराची वाट बंद केली. दक्षिणेची सगळीच बंदरं तुंबली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. आपल्या धारवाडकडच्या शेतकऱ्यानंही त्यात हात ओले केले, कारण १८४० नंतर तिकडे अमेरिकन बियाणं रुजलं होतं. त्या कापसाला बाजारात धारवाड-अमेरिकन असंच म्हणत. हुबळी-धारवाडच्या गाठी कुमट्याच्या बंदरातून मुंबईला जात. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि मुंबईचा फुगा फुटला. त्या तेजीतले मोठे सावकार प्रेमचंद रायचंद. ते जैन, सुरतेकडचे. त्यांनी आईच्या नावानं विद्यापीठाला मनोरा दिला, तो राजाबाई टॉवर. सांगतात की आईला दिसत नसे आणि सूर्यास्ताआधी जेवायचा तिचा नेम, तेव्हा टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून घड्याळ. गोष्ट खरी असो-नसो, आम्हा जैनांना फार आवडते. मी विद्यार्थी असताना त्या मनोऱ्याखालून कितीदा गेलो असेन. त्याच्या पायात सव्हानाचं बंद बंदर आहे हे मला साठी उलटल्यावर, सव्हानात उभं राहून समजलं.

तरीही माझं मत बदललं नव्हतं. इतिहास कोणत्या गावाला नाही? मत बदललं ते शेजारणीनं.

मुलीनं महिनाभरासाठी घेतलेल्या घराच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. कृष्णवर्णीय बाई, वय पंचाहत्तरच्या पुढे. माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं चांगलं, पण त्यांना घाई नव्हती आणि मलाही नव्हती. ओट्यावरच्या खुर्च्यांत बसून आम्ही बोलत असू. एकदा मी त्यांना अगदी मनापासून म्हटलं, "किती छान गाव आहे तुमचं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात." त्या हसल्या. म्हणाल्या, "हो ना. माझ्या आजीलाही सगळे ओळखत. ती कोणाच्या घरी स्वयंपाक करते ते गावाला ठाऊक होतं. त्यामुळे तिनं फुटपाथवरून केव्हा खाली उतरायचं तेही ठरलेलं होतं."

त्यांच्या आजीच्या दोन बहिणी तरुणपणीच आगगाडीनं न्यूयॉर्कला गेल्या. विसाव्या शतकात दक्षिणेतून असे साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांत गेले. तिथे सुख होतं असं नाही. कोंदट खोल्या होत्या, अपमान तिथेही होता. पण, बाई म्हणाल्या, "तिथे माझ्या मावशीआजीला कुणी ओळखत नव्हतं. तिनं आयुष्यात मिळवलेली पहिली गोष्ट ती." बाई स्वतःही तरुणपणी गेल्या. ब्रुकलिनमध्ये तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्या आणि आईच्या घरी परत आल्या. मी विचारलं, मग परत का? त्या म्हणाल्या, "आता हे गाव मला बाई म्हणून ओळखतं. मी गेले होते म्हणून परत येऊ शकले."

ज्या स्टेशनावरून त्या बहिणी गेल्या ते सव्हानाचं युनियन स्टेशन १९६३ मध्ये महामार्गाच्या उतारासाठी पाडलं. ज्या रस्त्यावर ते होतं तो कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा, धंद्यांचा रस्ता. त्याचा कणाच मोडला. सात बायकांनी वाचवलेल्या चौकांपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच १९६३ सालात न्यूयॉर्कमध्येही पेन स्टेशन नावाचं देखणं स्टेशन पाडायला घेतलं, आणि त्या धक्क्यातून १९६५ मध्ये तिथे जुन्या इमारती राखायचा कायदा आला. दोन्हीकडच्या पाडापाडीचं वर्ष एकच. एका ठिकाणच्या पाडण्यातून कायदा निघाला, दुसऱ्या ठिकाणच्यातून मोकळी जागा. वाचवलेल्या भागात पुढे घरांच्या किमती चढल्या आणि जुन्या भाडेकरूंना राहणं अवघड झालं. ली ॲडलर नावाच्या तिथल्याच एका गृहस्थानं सत्तरच्या दशकात गरीब भाडेकरूंना त्याच वस्तीत ठेवून घरं दुरुस्त करायचा खटाटोप केला. जुनं गाव राखायचं म्हणजे भिंती राखायच्या की माणसं, हा प्रश्न त्यानं निदान विचारला.

मग आम्ही न्यूयॉर्कला गेलो, तिथे क्वीन्स भागात तीन आठवडे. अठ्ठ्याऐंशी लाखांचं शहर. पहिले चार दिवस मी घरातून खाली उतरलो नाही. माझी पत्नी मात्र दुसऱ्याच दिवशी उतरली. एल्महर्स्टला जैन मंदिर आहे, एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी. जिना चढताना ती म्हणाली, "आपल्याकडे हे एका गल्लीतही बसत नाहीत, इथे एका जिन्यावर राहतात." सव्हानात असताना तिला मंदिरासाठी अटलांटा गाठावं लागलं असतं, चारशे किलोमीटर. फक्त एक अडचण झाली. डिसेंबरात न्यूयॉर्कचा सूर्य साडेचारलाच मावळतो. दुपारचं जेवण पचायच्या आत संध्याकाळचं ताट पुढे! राजाबाईंची आठवण आम्ही रोज काढायचो.

जाता जाता व्यवसायातलं एक. आमची पॅथी अमेरिकेत आणली हान्स ग्राम या डॉक्टरांनी, १८२५ मध्ये, आणि तीही न्यूयॉर्कलाच. डॉक्टरांची राष्ट्रीय संस्थाही तिथेच १८४४ मध्ये स्थापन झाली. नव्या, न रुळलेल्या गोष्टीला आधी मोठ्या शहरातच दार उघडतं. लहान गाव विचारतं, "हे आपल्यात आहे का?"

तिथल्या भुयारी गाडीत मी एका दुपारी मुलीबरोबर उभा होतो. दांडीला धरलेले दहाबारा हात, सगळ्या रंगांचे. आणि मला एकदम दवाखान्यातली एक मुलगी आठवली. तिची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तीसेक वर्षं झाली. विणकराच्या घरातली एकोणीस वर्षांची मुलगी, कोपरावर पांढरा डाग. लग्न ठरत आलेलं. माझ्या दवाखान्याची जुनी रचना तुम्हाला आठवत असेल: बाहेर बाक, आत टेबल, मधे कापडी पडदा. माझा आवाज मोठा. मी त्या मुलीला चांगलं समजावून सांगितलं, घाबरू नकोस, हा संसर्ग नाही, याचा कुणाला अपाय नाही. सगळं शास्त्राला धरून सांगितलं आणि सगळं पडद्यापलीकडे ऐकू गेलं. बाकावर तिच्या गल्लीतली एक बाई बसलेली होती. साखरपुडा मोडला. मला कारण कळलं ते दोन महिन्यांनी, त्याच बाकावरच्या गप्पांतून.

माझ्या औषधानं तिचे डाग गेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ती मुंबईला आत्याकडे गेली, नोकरी लागली, तिथेच राहिली. दहा-बारा वर्षांनी आईचे गुडघे दाखवायला आली तेव्हा डाग दोन्ही हातांवर पसरले होते आणि तिनं अर्ध्या बाहीचा पोशाख घातला होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "डॉक्टर, लोकलमध्ये त्या कडीला दहा हात असतात. माझा कोणता ते बघायला कुणाला वेळ नाही." ती हसत म्हणाली. मी त्या दिवशी तिची माफी मागायला हवी होती. मी आईच्या गुडघ्यांविषयी बोललो.

आणि या सगळ्या वर्षांत मी सत्कारांत सांगत राहिलो की मुंबईत कुणी कुणाला विचारत नाही आणि आपल्या गावात बाकावरसुद्धा विचारपूस होते.

आपण या सीमेवरची मराठी माणसं. १९५६ पासून आपल्याला कोणी विचारलं नाही की कुठे राहायचं, म्हणून जवळिकीला आपण घट्ट धरून बसलो. वाचनालय, गल्ली, मंडळ, नाटक, हळदीकुंकू. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. त्याशिवाय आपण टिकलो नसतो. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात रात्री पाळी लावून बसायला गल्लीतली चौदा माणसं होती, आणि मुंबईतल्या माझ्या मित्राच्या वडिलांना खांदा द्यायला भाड्यानं माणसं आणावी लागली. हे दोन्ही मी पाहिलंय. पण त्या चौदाजणांचं प्रेम आणि बाकावरच्या त्या बाईचं तोंड ही एकाच विहिरीचं पाणी आहे. डॉक्टर, वकील, सावकाराच्या मुलाला त्यातलं गोड तेवढं मिळतं. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना खेडं सोडून शहराकडे जा असं का सांगितलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते कळायला मला सव्हानाचा ओटा लागला.

मुलीच्या निर्णयाचं सांगायचं राहिलं. परतायच्या आदल्या आठवड्यात तिनं विचारलं, "अप्पा, मग काय?" माझं उत्तर एव्हाना गढूळ झालं होतं. मी म्हटलं, सव्हाना मला अजूनही आवडतं; पोराला चौक आहेत, झाडं आहेत; फक्त उन्हाळा दमट आहे, डास आहेत, वादळ आलं की गाव रिकामं करावं लागतं, २०१६ मध्ये करावं लागलं होतं. शंभर वर्षांत तीनदा पीतज्वरानं गाव हैराण झालं होतं, पण आता ती भीती नाही. असं मी हवापाण्याविषयी बोलत राहिलो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी न्यूयॉर्क घेतेय."

मी विचारलं, "कचेरी बरी वाटली का?"

"नाही. काम तर बंदरावरचंच चांगलं आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "अप्पा, राग मानू नका. बेळगावात मी कॉलेज संपेपर्यंत डॉक्टरांची मुलगी होते. दुकानात, बसमध्ये, देवळात. कुणाशी बोलले की तुम्हाला घरी यायच्या आत कळायचं. तुम्ही कधी रागावला नाहीत, पण कळायचं. सव्हानात मी पुन्हा कुणाची तरी कुणीतरी होईन, ते परदेशातून आलेलं इंजिनिअर जोडपं. मला थोडी वर्षं कुणाचीच कुणी नसताना राहून बघायचंय."

तिची आई म्हणाली, "मंदिर जवळ आहे, बरंच झालं." आणि ताटं मांडायला उठली, कारण सव्वाचार वाजले होते.

मी परत आल्यावर पहिलं काम केलं ते दवाखान्यातला पडदा काढून तिथे विटांची भिंत आणि दार करून घेतलं. आवाज बाहेर जात नाही ना, हे कंपाउंडरला बाकावर बसवून दोनदा तपासलं. आता वेळ फोनवर ठरवून देतो, त्यामुळे बाकावर एका वेळी एकच माणूस असतं. नव्या मुली येतात, एकट्या येतात, पूर्वी आईबरोबर यायच्या. दोन-तीन जुने पेशंट मात्र नाराज आहेत. एक आजोबा, वय ब्याऐंशी, गेली वीस वर्षं दर गुरुवारी येत होते. त्यांना विशेष काही होत नव्हतं, मी साध्या साखरेच्या गोळ्या द्यायचो आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "डॉक्टर, गोळ्या मी कुठूनही घेईन हो. मी बाकासाठी येत होतो." गेले चार गुरुवार ते आलेले नाहीत. या रविवारी त्यांच्या घरी जाऊन यायचं ठरवलंय.